पेशीत दडलेले परजीवी आणि बाजारातली जुनी औषधं

रानजाई

नमस्कार मंडळी,

औषधांच्या किमतींवरच्या चर्चेत कृष्णाकाठ यांनी विचारलं होतं, "बाजारात इतकी औषधं आहेत, तीच एकेक करून सगळ्या रोगांवर लावून का बघत नाहीत? नवीन शोधायचा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून वेगळा धागा काढते. माझं पीएचडीचं काम लेशमानिया या परजीवीवर होतं. माणसांसाठी आधीच मान्यता मिळालेली औषधं घ्यायची आणि ती पेशीच्या आत राहणाऱ्या परजीवीला मारतात का ते बघायचं, हा त्यातला मोठा भाग.

तर लावून बघतात, नक्की बघतात. काळा आजारावर आज भारतात जी औषधं दिली जातात ती सगळी दुसऱ्याच कशासाठी तरी शोधलेली होती. पण प्रयोगशाळेत परजीवी मेला आणि माणूस बरा झाला, या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे, आणि त्या अंतराबद्दल लोकांना कुणी नीट सांगत नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी रोग. काळा आजार, बिहारकडे कालाजार, हा लेशमानिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे होतो. वालुमाशी चावली की तो शरीरात येतो. माशीच्या आतड्यात तो लांबट असतो, शेपटी हलवत पोहतो. आपल्या शरीरात आल्यावर त्याला मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळतात. या पेशींचं कामच मुळी जंतू गिळून पचवण्याचं. पण हा परजीवी पचत नाही. पेशीच्या ज्या पिशवीत जंतू विरघळवायचे, त्याच आम्लधर्मी पिशवीत तो शेपटी टाकून गोल होतो आणि तिथेच वाढतो. चोराने पोलिस चौकीतच बिऱ्हाड थाटावं तसा हा प्रकार आहे. मग प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, जिथे जिथे मॅक्रोफेज जास्त तिथे तो पसरतो. आठवडेच्या आठवडे ताप, पोट फुगवणारी प्लीहा, रक्त कमी होणं, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक रुग्ण दगावतात.

आता औषधाच्या बाजूने विचार करा. त्याला आधी मॅक्रोफेजचं आवरण ओलांडायचं, मग त्या पिशवीचं, मग परजीवीचं स्वतःचं. तीन भिंती. शिवाय आतलं आम्ल सोसायचं, आणि ज्या पेशीत शिरायचं ती माणसाची, म्हणजे तिला इजा होऊन चालणार नाही.

या रोगावर १९२२ साली कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी यूरिया स्टिबामीन तयार केलं आणि असंख्य जीव वाचले. पुढे अनेक दशकं अँटिमनीची इंजेक्शनंच मुख्य उपचार होती. १९९०च्या दशकात मात्र उत्तर बिहारमध्ये, मुझफ्फरपूरच्या आसपास, निम्म्याहून अधिक रुग्णांत ती चालेनाशी झाली. नवीन औषध कुणी काढत नव्हतं, कारण रुग्ण जवळजवळ सगळे गरीब, भूमिहीन, मातीच्या घरात राहणारे. तेव्हा जुन्या औषधांकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यांतलं मिल्टेफोसीन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १९८०च्या दशकात जर्मनीत गोटिंगेनला ते कर्करोगासाठी पुढे आलं. पोटातून दिल्यावर उलट्या-जुलाब इतके की कर्करोगाच्या रुग्णांना ते झेपेना, त्यामुळे ते स्तनाच्या कर्करोगाच्या त्वचेवरच्या गाठींवर वरून लावण्यापुरतं राहिलं. त्याच सुमारास लंडनमध्ये सायमन क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी याच जातीची रसायनं लेशमानियावर तपासली. परजीवी मरत होता, पेशीच्या आतलासुद्धा. पुढे उंदरांना तोंडाने देऊनही गुण आला. मग बिहारमध्ये रुग्णांवर चाचण्या झाल्या. डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९९ रुग्णांना २८ दिवस मिल्टेफोसीनच्या कॅप्सूल दिल्या आणि ९९ जणांना तुलनेसाठी अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाची इंजेक्शनं. सहा महिन्यांनी ९४ टक्के आणि ९७ टक्के बरे. त्याच वर्षी भारताने मिल्टेफोसीनला मान्यता दिली. काळा आजारावर पोटातून घ्यायचं ते जगातलं पहिलं औषध.

ज्यांना महिनाभर रुग्णालयात पडून राहणं म्हणजे महिनाभराची मजुरी बुडणं, त्यांच्यासाठी घरी घेता येणारी कॅप्सूल काय होती याचा विचार करा. कर्करोगात मागे पडलेलं औषध होतं ते.

सध्या इथे थांबते. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

कृष्णाकाठ

रानजाईताई, प्रश्न मनावर घेतलात, आभार. वाचून अंगावर काटा आला. पण मग माझा मुद्दा खराच ठरला ना? कॅन्सरचं औषध तिकडे चाललं. मग हजार-दोन हजार औषधं एकदम लावून बघायला काय अडचण आहे? आणि "परजीवी मेला पण माणूस बरा झाला नाही" हे कसं होतं? मेला तर मेला.

---

स्वाती_गो

सुंदर धागा. वाचते आहे. पुढच्या भागाची प्रतीक्षा.

---

रानजाई

कृष्णाकाठ, हजार-दोन हजार लावतात, आणि आता त्याहून जास्तही. अमेरिकेत कॅलिबर या संस्थेने माणसांत वापरलेली किंवा चाचणीपर्यंत पोचलेली सुमारे १२,००० रसायनं एकत्र करून ठेवली आहेत, ती अशाच कामासाठी. मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर या संस्थेने ४०० रसायनांचा पॅथोजेन बॉक्स जगभरच्या प्रयोगशाळांना फुकट दिला. त्यात काही आधीपासून वापरातली औषधंही होती.

अडचण आहे ती "कशावर लावून बघायचं" यात.

सोपा मार्ग म्हणजे माशीच्या पोटातलं रूप. लांबट, पोहणारं. ते २६ अंशांवर फ्लास्कमध्ये छान वाढतं. प्लेटच्या खळग्यांत परजीवी टाका, औषध टाका, दोन-तीन दिवसांनी रंग बदलतो का बघा. एका माणसाला आठवड्यात शेकडो औषधं तपासता येतात. पण माणसाच्या शरीरात ते रूप राहतच नाही! आपल्यात राहतं ते गोल, शेपटी नसलेलं, ३७ अंशांवर, आम्लात, दुसऱ्या पेशीच्या पोटात.

दोन्ही रूपांवर एकच औषधसंच लावला की निकाल जुळत नाहीत. पोहणाऱ्या रूपाला मारणारी कित्येक औषधं पेशीच्या आत पोचतच नाहीत. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आतल्या परजीवीला मारणारी काही औषधं पोहणाऱ्या रूपावर काहीच करत नाहीत. याचं ठळक उदाहरण म्हणजे ते जुनं अँटिमनीच. ज्या पंचसंयुजी रूपात ते टोचतात त्या रूपात ते पोहणाऱ्या परजीवीवर जवळपास निष्प्रभ असतं. शरीरात त्याचं त्रिसंयुजी रूप होतं तेव्हा ते मारक ठरतं. म्हणजे सोपी चाचणी करून निवडायचं ठरवलं असतं, तर ज्या औषधाने पाऊणशे वर्षं लोकांना जगवलं तेच पहिल्या फेरीत बाद झालं असतं.

म्हणून खरी चाचणी पेशीतली. मॅक्रोफेज प्लेटमध्ये चिकटू द्यायच्या, त्यांना परजीवी गिळू द्यायचे, बाहेर राहिलेले धुऊन टाकायचे आणि मग औषध. शेवटी गीम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शंभर मॅक्रोफेजमध्ये किती परजीवी ते मोजायचे. डोळे दुखतात, मान दुखते, आणि दोन माणसांचे आकडे जुळवून घ्यावे लागतात. आता स्वयंचलित सूक्ष्मदर्शक फोटो काढून मोजतात, त्यामुळे वेग वाढला आहे.

आणि परजीवी मोजताना मॅक्रोफेजही मोजायच्याच. नाहीतर मॅक्रोफेज मेल्यामुळे परजीवी गेले आणि आपण समजलो औषध चाललं! माणसाच्या पेशी निम्म्या मारणारी मात्रा भागिले परजीवी निम्मे मारणारी मात्रा, हा आकडा किमान दहाच्या वर असला तर बोलायचं, अशी साधारण रीत आहे.

"मेला तर मेला" याचं उत्तर मोठं आहे. ते कुणी अनुभवी लिहील तर बरं होईल.

---

रसायनी

मी औषधकंपनीत रक्तातल्या औषधाचं प्रमाण मोजण्याचं काम करतो. कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्या बाजूने लिहितो.

प्लेटमध्ये औषध १० मायक्रोमोलर प्रमाणात टाकलं आणि परजीवी मेला, अशी बातमी येते. पहिला प्रश्न असा विचारायचा की माणसाने नेहमीची मात्रा घेतल्यावर रक्तात ते किती होतं? बऱ्याच औषधांच्या बाबतीत त्याच्या दहाव्या किंवा शंभराव्या हिश्शाएवढंसुद्धा होत नाही. त्यातून रक्तात प्रथिनं असतात. काही औषधं ९९ टक्के प्रथिनांना चिकटून राहतात, काम करायला मोकळं उरतं ते उरलेलं एक टक्का. प्लेटमध्ये साधारण १० टक्के सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) असतं, त्यामुळे तिथे औषध जास्त मोकळं असतं आणि जास्त ताकदवान दिसतं.

कोविडमध्ये आयव्हरमेक्टिनचं हेच झालं. पेशींमध्ये विषाणू थांबला तो ज्या प्रमाणाला, ते नेहमीच्या मात्रेने रक्तात येणाऱ्या प्रमाणाच्या कित्येक पट होतं. हे २०२० सालीच गणित करून दाखवलेलं होतं, तरी घरोघरी गोळ्या घेतल्या गेल्या. पुढे मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. जंतावरचं आणि खरजेवरचं ते अतिशय उत्तम औषध आहे, पण ते त्या मात्रेत जिथे पोचतं तिथे.

जुन्या औषधाचा फायदा एवढाच की ते माणसाला कोणत्या मात्रेत सोसतं ते आधीच माहीत असतं. नव्या रोगाला दसपट मात्रा लागणार असेल तर तो फायदा तिथेच संपला. मग ते नवीन औषधच झालं.

---

डॉ_शिरीष

उत्तम चर्चा. मी मुंबईत सार्वजनिक रुग्णालयात मेडिसिन विभागात आहे. काळा आजार महाराष्ट्राचा नाही, तरी आम्हाला अधूनमधून दिसतो. बिहार, झारखंडमधून कामाला आलेले तरुण असतात. महिनाभर ताप, प्लीहा बेंबीपर्यंत, पांढऱ्या पेशी कमी. मलेरियाचे दोन कोर्स, टायफॉइडचा एक, क्वचित टीबीची औषधं होऊन मग इथे येतात. रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन अस्थिमज्जा काढली जाते आणि तिथे मॅक्रोफेज भरून परजीवी सापडतात. इथे वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांना एकच विनंती. लांबलेल्या तापात "गाव कुठलं?" हे पहिल्या दिवशी विचारा. आरके३९ ची पट्टी बोटाच्या रक्तावर काही मिनिटांत निदान करते. मात्र बरं झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे पूर्वी आजार झालेल्या रुग्णात तिच्यावर विसंबू नका.

रानजाई, तुम्ही मिल्टेफोसीनवर भरभरून लिहिलंत. पण त्याची दुसरी बाजू लोकांना कळायला हवी. गर्भाला ते घातक ठरू शकतं. प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला देताना उपचाराच्या काळात आणि नंतरही काही महिने गर्भनिरोधन लागतं. खेड्यात हे कोण पाळून घेणार? आणि माझ्या माहितीप्रमाणे आता भारतात पहिली निवड ते नाही.

---

रानजाई

डॉक्टर, बरोबर आहे, आणि ते मला लिहायचंच होतं. कॅप्सूल घरी घ्यायची म्हणून सोय झाली, पण त्याच कारणाने चार-पाच दिवसांत बरं वाटलं की लोक सोडून द्यायला लागले. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायला साधारण आठवडा. अर्धवट मात्रा शरीरात रेंगाळली की चिवट परजीवींना निवडून वाढवल्यासारखं होतं. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बिहारमध्ये सहा महिन्यांच्या आत आजार उलटण्याचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. नेपाळमध्ये वर्षभर लक्ष ठेवलं तर त्याहून बरंच जास्त.

आता पहिली निवड आहे लिपोसोमल अँफोटेरिसिन, आणि त्याची गोष्ट मिल्टेफोसीनइतकीच सांगण्यासारखी आहे.

अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. ते बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला पकडतं. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून माणूस तुलनेने वाचतो. लेशमानिया बुरशी नाही, पण त्याच्याही आवरणात एर्गोस्टेरॉलच्या जातीची द्रव्यं असतात! त्यामुळे ते लागू पडणारच होतं. अडचण मूत्रपिंडाची. साधं अँफोटेरिसिन दिलं की थंडी वाजून ताप, पोटॅशियम घसरणं, क्रिएटिनिन चढणं, हे सगळं डॉक्टरांनी पाहिलेलं असेल.

मग ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलं. असे गोळे रक्तात आले की त्यांना कोण गिळतं? मॅक्रोफेज. प्लीहेतल्या, यकृतातल्या. म्हणजे औषध आपोआप त्याच पेशीत जातं जिथे परजीवी बसला आहे. मूत्रपिंड बऱ्यापैकी वाचतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारच्या चाचणीत शरीराच्या दर किलोला १० मिलिग्रॅम अशी एकच सलाईन दिली आणि ९५ टक्क्यांहून अधिक बरे झाले. आधी एक महिना लागायचा, तिथे एक दिवस. किंमत परवडणारी नव्हती, पण जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गिलियड कंपनीने ते दान दिलं आणि भारताच्या कार्यक्रमात ते आलं. घरात फवारणी, लवकर निदान, गावोगाव आशाताईंचं काम, हे सगळं मिळून २०२३ अखेर भारतातल्या सगळ्या ६३३ बाधित तालुक्यांत रुग्णसंख्या दहा हजारी एकाच्या खाली आली. औषध एकटं काही करत नाही, पण या औषधाशिवाय हे झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

तिसरं पॅरोमोमायसिन. जुनं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातलं. बिहारमध्ये ६६७ रुग्णांच्या चाचणीत तपासलं, २१ इंजेक्शनं, सुमारे ९५ टक्के बरे. २००६ साली भारतात मान्यता. ना-नफा तत्त्वावरच्या वनवर्ल्ड हेल्थ या संस्थेने ते पुढे नेलं.

---

मेधा_बार्सिलोना

मी इथे बार्सिलोनात रक्तपेढीत काम करते. "एर्गोस्टेरॉल आहे म्हणून लागू पडणारच" हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण इथे आम्ही त्याच तर्काची दुसरी बाजू पाहिली.

इथे बोलिव्हियातून आलेले लोक खूप आहेत आणि त्यांच्यात चागास नावाचा आजार आढळतो. परजीवी ट्रायपॅनोसोमा क्रुझी, लेशमानियाचा नातेवाईक. स्पेनमध्ये २००५च्या नियमानुसार तिकडच्या रक्तदात्यांची चागाससाठी तपासणी होते, म्हणून हा विषय आमच्या रोजच्या कामातला. हा परजीवी हृदयाच्या स्नायूच्या पेशीत, आतड्याच्या पेशीत शिरतो आणि वर्षानुवर्षं काही कळत नाही. काही जणांना मग एक दिवस हृदय मोठं झाल्याचं कळतं.

याच्याही आवरणात एर्गोस्टेरॉलच्या जातीची द्रव्यं. म्हणून बुरशीवरचं पोसाकोनाझोल तपासलं. पेशींमध्ये अतिशय कमी मात्रेत परजीवी मारायचं, उंदरांतही आशा वाटली होती. सगळ्यांना वाटलं मिळालं औषध. इथल्याच डॉक्टरांनी रुग्णांवर चाचणी घेतली आणि २०१४ मध्ये निकाल आला. बेंझनिडाझोल या चागासवरच्या जुन्या औषधाने उपचार फसले सुमारे ३८ टक्के रुग्णांत. पोसाकोनाझोलच्या मोठ्या मात्रेने ८१ टक्के आणि छोट्या मात्रेने ९२ टक्के रुग्णांत. उपचार चालू असेपर्यंत रक्तात परजीवी दिसत नव्हता. थांबवल्यावर परत आला. बोलिव्हियात त्याच गटातल्या दुसऱ्या औषधाचंही तसंच झालं.

कितीतरी रुग्ण किती आशेने आले असतील त्या चाचणीत.

---

कृष्णाकाठ

मेधाताई, हे वाचून वाईट वाटलं. पण मग प्लेटमध्ये मेलेला परजीवी परत आला कुठून?

---

रानजाई

मेधा, फार मोलाचं लिहिलंस.

कृष्णाकाठ, जेवढं कळलं आहे ते सांगते. एक, सगळे परजीवी एकाच वेगाने वाढत नाहीत. काही पेशीत अगदी संथ होऊन पडून राहतात. आवरण नव्याने बांधायचंच नसेल तर पोसाकोनाझोलसारखं आवरण बांधू न देणारं औषध त्यांचं काय करणार? उंदरांवरच्या प्रयोगांत असे सुप्त परजीवी दिसले आहेत. दोन, परजीवी चमकतील अशी सोय करून उंदीर पाहिले तेव्हा आतड्यात ते जास्त टिकून असल्याचं दिसलं. प्लेटमध्ये आतडं नसतं. तीन, जुन्या चाचण्या तीन-चार दिवसांच्या असायच्या. "वाढ थांबली" आणि "मेला" यांत तेवढ्या वेळात फरक करता येत नाही.

त्यामुळे चागासच्या चाचण्यांची रीतच बदलली. आता औषध देऊन झाल्यावर ते धुऊन काढतात आणि पेशी पुढे कितीतरी दिवस तशाच ठेवतात. परजीवी पुन्हा डोकं वर काढतो का ते बघतात. एकाच वाणावर न थांबता वेगवेगळ्या भागांतले वाण घेतात. हे सगळं त्या रुग्णांनी चाचणीत भाग घेतला म्हणून शिकता आलं. फसलेल्या चाचण्यांचा तपशील छापला जातो तेव्हा पुढच्या हजारोंचा वेळ वाचतो, म्हणून असे निकाल प्रसिद्ध करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

---

वैनगंगा

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. दिवसभर जेएसबी रंगाच्या स्लाइड बघायच्या, फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक परजीवी शोधायचा. मलेरियाचा परजीवीपण लाल पेशीत राहतो, म्हणून विचारतो. आमच्याकडे काही रुग्णांना क्विनीनसोबत डॉक्सीसायक्लिन देतात. ते तर जिवाणूवरचं औषध आहे न? मलेरियावर कसं काय चालते?

---

रानजाई

वैनगंगा, तुमच्या डोळ्यांवर आख्खा कार्यक्रम उभा आहे, आधी नमस्कार.

मलेरियाच्या परजीवीच्या आत अपिकोप्लास्ट नावाचा एक भाग असतो. फार पूर्वी त्याच्या पूर्वजाने एक शैवाल आत घेतलं, त्याचा हा उरलेला अंश. तिथली प्रथिनं बनवणारी यंत्रणा जिवाणूंसारखी आहे. डॉक्सीसायक्लिन, क्लिंडामायसिन तीच बिघडवतात. पण गंमत वेळेची आहे. औषध दिलेल्या चक्रात परजीवी नेहमीसारखा वाढतो, फुटतो, नव्या लाल पेशींत शिरतो आणि मग त्या पुढच्या पिढीत मरतो. म्हणूनच हे औषध एकटं देत नाहीत, क्विनीनसारख्या वेगवान औषधाच्या जोडीला देतात. ४८ तासांची चाचणी लावली तर डॉक्सीसायक्लिन निरुपयोगी दिसतं. ९६ तास ठेवलं तर प्रभाव दिसतो.

तुमच्या मलेरियाच्या औषधांच्या पाकिटातलं पायरिमेथामिनही असंच प्रवासी. मलेरियासाठी आलं, आणि टॉक्सोप्लाझ्मावर सल्फाडायझिनच्या जोडीने मुख्य उपचार झालं. तो परजीवी तर आपल्या जवळपास कुठल्याही पेशीत राहू शकतो. पण मेंदूत त्याच्या ज्या गाठोळ्या बनतात, त्यांना हे औषध हात लावत नाही. म्हणून एचआयव्हीच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत औषध चालू ठेवावं लागतं.

---

डॉ_शिरीष

यात क्लोफाझिमीनचीही भर घालतो, कारण महाराष्ट्रात ते कुष्ठरोगाच्या एमडीटीच्या (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराच्या) पाकिटातून सगळ्यांना माहीत आहे, त्वचा तांबूस-काळसर करणारं. मुळात ते १९५०च्या दशकात डब्लिनमध्ये क्षयरोगासाठी शोधलं होतं. तेव्हा क्षयाला लागू पडलं नाही, कुष्ठरोगाला पडलं, आणि आता औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात परत आलं आहे. ते क्रिप्टोस्पोरिडियमवर, म्हणजे आतड्याच्या पेशीत राहून मुलांना आणि एचआयव्हीच्या रुग्णांना जुलाब करणाऱ्या परजीवीवर, तपासलं गेलं. पेशींत चाललं, उंदरांतही चाललं. मलावीत एचआयव्हीच्या रुग्णांवर छोटी चाचणी झाली, तिथे फायदा दिसला नाही. तीव्र जुलाब असलेल्या माणसाच्या आतड्यातून औषध नीट शोषलंच जात नाही, हेही एक कारण असणार. रुग्ण किती आजारी आहे हे प्लेटला ठाऊक नसतं.

---

रसायनी

डॉक्टर, अगदी. त्या चाचणीत परजीवी असलेल्या रुग्णांच्या रक्तात औषध कमी उतरल्याचं मोजमापातही आलं होतं. सुदृढ माणसांत मोजलेले आकडे तिथे कामाचे नव्हते.

पैशांचाही मुद्दा राहिला. पेटंट संपलेल्या औषधावर नव्या रोगासाठी चाचण्या करायला कंपनी कोटी रुपये का घालेल? अमेरिकेने यासाठी एक योजना केली, की दुर्लक्षित रोगाच्या औषधाला मान्यता मिळवा आणि दुसऱ्या कुठल्याही औषधाची लवकर तपासणी करून घ्यायचा परवाना घ्या. २०१४ मध्ये मिल्टेफोसीनला तिथे मान्यता मिळाली आणि तो परवाना १२.५ कोटी डॉलरना विकला गेला. मान्यता आणली त्या कंपनीला मिळाले ते. बिहारच्या रुग्णांवरच्या ज्या चाचण्यांच्या जोरावर ते औषध उभं राहिलं, त्या तेव्हा एक तपाहून जुन्या होत्या. औषध स्वस्त करण्याचं, पुरवठा ठेवण्याचं बंधन त्या परवान्यासोबत नव्हतं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी याच उद्योगात राहून म्हणतो आहे.

---

स्वाती_गो

रसायनी, +१. हे माहीत नव्हतं.

एक शंका. सगळी औषधं परजीवीलाच का मारायची? तो आपल्या पेशीवर जगतो, तर पेशीतच असं काही बदलता येईल का की त्याला राहता येणार नाही?

---

रानजाई

स्वाती, हाच सध्याचा मला सर्वांत आवडणारा भाग. पेशीतल्या चाचणीतच हे सापडू शकतं, कारण पोहणाऱ्या रूपाच्या चाचणीत पेशीच नसते. नालोक्सोनाझीन नावाचं रसायन असंच सापडलं. एकट्या परजीवीला ते काही करत नाही, पण मॅक्रोफेजमध्ये असं काही बदलतं की आतला लेशमानिया टिकत नाही. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब मलेरियात तपासलं गेलं आहे. लाल पेशी फोडून बाहेर पडायला परजीवी त्या पेशीतल्याच एका एन्झाइमचा फायदा घेतो, ते थोपवायचं. व्हिएतनाममध्ये नेहमीच्या औषधांसोबत देऊन बघितलं, परजीवी लवकर कमी झाले. अपेक्षा अशी की लक्ष्य माणसाचं असल्यामुळे परजीवीला त्याविरुद्ध सहज बदलता येणार नाही. रोजच्या उपचारात यायला अजून बरंच काम बाकी आहे.

---

आर्यन_एमएस्सी

ताई, मी पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मान्यताप्राप्त औषधांचा छोटा संच लेशमानियावर तपासायचा विचार आहे. गाइड म्हणतात, वेळ कमी आहे, पोहणाऱ्या रूपावरच कर. काय करू?

---

रानजाई

आर्यन, गाइडचं वेळेचं म्हणणं चुकीचं नाही. मधला मार्ग सांगते. औषधं कमी घे, वीस-पंचवीस, पण पेशीत कर. टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी घेतल्यास तर उंदरांची परवानगी लागणार नाही. औषधं निवडतानाच रक्तात ते नेहमीच्या मात्रेने किती चढतं हे छापील माहितीतून काढ आणि त्याच्या वरची मात्रा प्लेटमध्ये लावूच नकोस. सोबत अँफोटेरिसिन आणि मिल्टेफोसीन दोन्ही ठेव, म्हणजे तुझी प्लेट नीट चालते आहे हे कळेल. शक्य झालं तर रुग्णाकडून अलीकडे मिळालेला वाण वापर. वर्षानुवर्षं फ्लास्कमध्ये वाढलेले वाण पेशीत शिरण्याची ताकद गमावतात. शेवटी निदान दोन औषधांसाठी तरी धुऊन पुढे आठवडाभर ठेव.

आणि काही चाललं नाही तर तेही सगळं आकड्यांसकट लिही. पूर्व आफ्रिकेत, सुदान-इथिओपियाकडे, आता जगातले सर्वांत जास्त रुग्ण आहेत आणि बिहारमध्ये चाललेली एका दिवसाची सलाईन तिथे पुरेशी पडली नाही. तिथे अजून आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात. कुठलं औषध चालत नाही याची यादीसुद्धा तिथल्या कुणाच्या तरी कामाची आहे.

गीम्साच्या स्लाइड मोजायला शिकायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. शनिवारी दुपारी मोकळी असते.

---

आर्यन_एमएस्सी

व्यनि केला आहे ताई. सोमवारी गाइडना हे सगळं दाखवतो.